मीटर शून्य दाखवतो तेव्हा: ईव्ही बॅटरीचं हाय व्होल्टेज मोजण्याबद्दल

नागपुरात कामठी रोडवर गॅरेज असलेल्या एका मिस्त्रीभाऊंचा प्रश्न आला आहे. आजवर त्यांनी ई-रिक्षा आणि स्कूटरच्या बॅटऱ्यांचं काम केलं. आता इलेक्ट्रिक कार आणि मालवाहू गाड्या दारात येऊन राहिल्या. साडेतीनशे-चारशे व्होल्टचा पॅक नेहमीच्या मीटरनं मोजला तर चालेल का, आणि डॅशबोर्डवर इन्सुलेशनचा फॉल्ट (पॅकची वीज गाडीच्या सांगाड्यात, म्हणजे चेसिसमध्ये, गळत असल्याचा इशारा) आला तर तो नेमका कुठं आहे हे कसं शोधायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, नेहमीचं मीटर चालणार नाही. मीटर बदलावंच लागेल, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शून्याकडे बघायची सवय बदलावी लागेल. स्क्रीनवर ३८० दिसलं की माणूस आपसूक हात मागे घेतो. शून्य दिसलं की तो पाना उचलतो. त्यामुळे या कामात चुकीचं ३८० फारसं नुकसान करत नाही, चुकीचं शून्य जीव घेतं. खाली जे काही सांगतो आहे, ते बहुतेक शून्य खरं की खोटं हे ठरवण्यासाठीच आहे.

आधी हद्द कुठं सुरू होते ते बघू. आपल्याकडचे नियम, म्हणजे दुचाकी-तीनचाकीसाठी एआयएस-१५६ आणि कार-बस-ट्रकसाठी एआयएस-०३८, डीसीमध्ये ६० व्होल्टच्या वर हाय व्होल्टेज धरतात. एसीमध्ये हीच हद्द ३० व्होल्टची आहे. ई-रिक्षातला १६ सेलचा लिथियम फॉस्फेट पॅक ५१.२ व्होल्टचा म्हणतात, पूर्ण चार्जवर तो ५८.४ पर्यंत जातो, म्हणजे जेमतेम हद्दीच्या आत. पण ७२ व्होल्टची म्हणून जी स्कूटर येते, तिच्यात एनएमसीचे (लिथियमचाच दुसरा प्रकार) २० सेल असतील तर पूर्ण चार्जवर ८४ व्होल्ट असतात. म्हणजे ही हद्द तुम्ही आधीच ओलांडली आहे. लेबलवरचा आकडा सरासरीचा असतो. हातमोजे घालायचे की नाही, हे पूर्ण चार्जच्या आकड्यावर ठरवायचं.

साठच्या खाली शॉकची भीती कमी असते, पण शॉर्टची तितकीच राहते. बोटातली अंगठी दोन टर्मिनलांमध्ये आली तर ५० व्होल्टचा पॅकही ती लालभडक करतो. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी काढल्याशिवाय कुठल्याच पॅकवर वाकायचं नाही.

साडेतीनशेच्या वर गेलं की गणित बदलतं. एवढ्या व्होल्टेजला एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत शरीराचा रेझिस्टन्स ढोबळमानानं १००० ओम धरतात. ३८० व्होल्ट भागिले १००० म्हणजे ०.३८ अँपिअर, आणि तो छातीतून जाणार. हृदय बंद पडायला एवढा करंट पुरतो. त्यात आपल्या मे महिन्याचा घाम, ओल्या कातडीचा रेझिस्टन्स आणखी खाली. दुसरं असं की घरच्या एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीला ती संधीच नाही. प्रोब निसटला आणि आर्क पेटला, तर अंतर वाढेपर्यंत किंवा काहीतरी वितळेपर्यंत तो जळत राहतो.

आता मीटर. कॅट थ्री १००० व्होल्टचं घ्या. ही कॅट रेटिंग खरं तर मेन्सवर, म्हणजे घरच्या वीजलाइनवर, येणाऱ्या झटक्यांसाठी ठरवलेली आहे, बॅटरीवर तसे झटके येत नाहीत, असं कुणी म्हणेल आणि ते बरोबरही आहे. पण रेटिंगसोबत मीटरच्या आत अंतरं मिळतात, इन्सुलेशन मिळतं, चांगला फ्यूज मिळतो, आणि आपल्याला ते हवं आहे. बर्डीच्या बाजारात काहीशे रुपयांत मिळणाऱ्या मीटरवरही ‘कॅट थ्री’ छापलेलं असतं. त्या छापण्यावर जाऊ नका, मागचं झाकण उघडून फ्यूज बघा. काचेचा छोटा फ्यूज असेल तर ते मीटर या कामातून बाद. १००० व्होल्ट डीसीला रेट केलेला, वाळू भरलेला सिरॅमिक एचआरसी (मोठा करंट तोडू शकणारा) फ्यूज असायला हवा.

फ्यूजवर एवढा जोर देण्याचं कारण असं. व्होल्टेज मोजताना मीटर खराब होण्याची सगळ्यात नेहमीची रीत म्हणजे लाल वायर १० अँपिअरच्या होलमध्ये राहून जाणं. आदल्या दिवशी कुणीतरी करंट मोजला, वायर तशीच राहिली, आणि आज तेच प्रोब पॅकच्या दोन टोकांना लावले. त्या होलच्या आत नुसता शंट असतो, जवळजवळ सरळ तारच. म्हणजे तुम्ही पॅक हातात धरून शॉर्ट केला. एचआरसी फ्यूज तो करंट तोडतो आणि तुम्ही फक्त नवा फ्यूज आणता. काचेचा फ्यूज २५० व्होल्टचा. त्याची तार वितळते, पण आर्क काचेच्या नळीत चालूच राहतो, आणि मीटर हातात फुटतं. म्हणून आमच्या पोरांना मी सांगतो, हाय व्होल्टेजच्या मीटरला करंटची होलंच नसली तर उत्तम. करंट क्लॅम्पनं (वायरीभोवती अडकवायच्या चिमट्यानं) मोजा, आणि क्लॅम्प डीसीचा आहे ना ते बघून घ्या, कारण स्वस्तातले बरेचसे फक्त एसीचे असतात. ज्यांच्या प्रोबमध्येच छोटा एचआरसी फ्यूज असतो अशा फ्यूजवाल्या लीड मिळतात, त्या घेतल्या तर हा धोका आणखी कमी होतो. प्रोबचं टोक चार मिलिमीटरपेक्षा जास्त उघडं नको, आणि बोट पुढं सरकू नये म्हणून प्रोबवर कडा हवी.

खोटं शून्य किती वाटांनी येतं, ते बघा. लीड आतून तुटलेली असते. नॉब एसीवर राहिलेला असतो. चांगलं मीटर एसीवर ठेवून ३८० व्होल्ट डीसीला लावलं तर निवांत शून्य दाखवतं. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीचा आकडा दुपटीहून जास्त दाखवतात आणि प्रोब उलटे केले की शून्य. टर्मिनलवर लॅकर किंवा ऑक्साइडचा थर असतो. मीटरचा सेल उतरलेला असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपला खिशातला निऑन टेस्टर. घरच्या फेजवर तो पेटतो कारण मेन्सचं एक टोक जमिनीला जोडलेलं असतं आणि तुमच्या शरीरातून चिमूटभर करंट जमिनीत जातो. गाडीचा पॅक चेसिसपासूनही वेगळा ठेवलेला असतो आणि जमिनीपासूनही. तिथं टेस्टर लावला तर तो पेटत नाही, मग पॅक ४०० व्होल्टचा असो की ८०० चा. न टेकवता वाजणारे पेन टेस्टर फक्त एसी ओळखतात. दोन्ही टेस्टर या कामापुरते घरी ठेवून या.

म्हणून रीत चालू-बंद-चालू अशी ठेवा. आधी मीटर माहीत असलेल्या डीसीवर लावून बघायचं, मग जिथं शून्य अपेक्षित आहे तिथं मोजायचं, आणि लगेच पुन्हा माहीत असलेल्या डीसीवर. प्रूव्हिंग युनिट नावाचं छोटं यंत्र मिळतं, ते सगळ्यात चांगलं. ते नसेल तर गाडीचीच १२ व्होल्टची बॅटरी वापरा. तिनं लीड, होल, नॉब आणि सेल तपासले जातात, आणि खोट्या शून्याची बहुतेक कारणं तिथंच आहेत. तिसरी पायरी लोक गाळतात. मधल्या मोजणीत लीड तुटली असेल तर ते कळायचा दुसरा मार्ग नाही.

गाडी बंद करण्याचा क्रम कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच पाळायचा. साधारणपणे चार्जरची गन काढायची, किल्ली काढून लांब न्यायची, १२ व्होल्टची निगेटिव्ह काढायची, सर्व्हिस प्लग ओढून स्वतःच्या खिशात किंवा कुलपात ठेवायचा. मग थांबायचं. इन्व्हर्टरमधल्या (पॅकच्या डीसीचं मोटरसाठी एसी करणाऱ्या भागातल्या) कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो, मॅन्युअल ५ किंवा १० मिनिटं सांगतं. डिस्चार्ज करणारा रेझिस्टर खराब असेल तर १० मिनिटांनीही व्होल्टेज शिल्लक असू शकतं, म्हणून घड्याळ झालं तरी मोजायचंच. मोजायचं तीन ठिकाणी: पॉझिटिव्ह ते निगेटिव्ह, पॉझिटिव्ह ते चेसिस, निगेटिव्ह ते चेसिस. या मोजणीला हातमोजे घालूनच उभं राहायचं, कारण शून्य सिद्ध होईपर्यंत लाइन चालूच आहे असं धरायचं. शक्य असेल तिथं एक प्रोब इन्सुलेटेड क्लिपनं अडकवून ठेवा आणि दुसरा एका हातानं लावा. दोन्ही हात गुंतले नाहीत तर छातीतून रस्ता तयार होत नाही.

हातमोजे क्लास ० चे, म्हणजे १००० व्होल्ट एसी किंवा १५०० व्होल्ट डीसीपर्यंतचे, लाल लेबलवाले. वरून चामड्याचे, नाहीतर एखादी धारदार पट्टी रबराला बारीक भोक पाडते आणि दिसतही नाही. प्रत्येक वेळी घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडायची आणि कुठं फुसफुसतंय का ते बघायचं. वापरात असलेल्या मोज्यांची दर ६ महिन्यांनी टेस्टिंग करून घेण्याची पद्धत आहे. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळा. मोजे दुचाकीच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नका, उष्णतेनं आणि उन्हानं रबर लवकर मरतं. आणि आत सुती मोजे घाला, नाहीतर पाऊण तासात आत घामाचं डबकं होतं, माणूस वैतागतो आणि ‘दोनच मिनिटांचं काम आहे’ म्हणत मोजे काढून टाकतो. सकाळी लवकर करण्याजोगं काम दुपारी ४५ डिग्रीत करायला घेऊ नका. मीटरलाही तापमानाची मर्यादा असते, कितीतरी मीटर ४० किंवा ५० डिग्रीपर्यंतच रेट केलेली असतात, आणि तापलेल्या बॉनेटवर ठेवलेल्या मीटरचा स्क्रीन काळा पडतो.

कूलरबद्दल वेगळं सांगतो, कारण हे आपल्याकडंच जास्त आहे. गॅरेजमध्ये मोठा कूलर लावून त्याचा झोत कामावर सोडलेला असतो. तो झोत ओलसर असतो, कधीकधी त्यात पाण्याचे तुषारही असतात, आणि खाली फरशीवर पाणी झिरपलेलं असतं. उघडा पॅक किंवा उघडा हाय व्होल्टेज कनेक्टर समोर असेल तेव्हा कूलर बंद, निदान तोंड फिरवलेलं. पायाखाली आयएस १५६५२ ची इन्सुलेटिंग मॅट असावी आणि ती कोरडी असावी.

काम करताना दुसरा माणूस जवळ हवा, आणि त्यानं मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचं नाही. शॉक लागला तर हात न लावता कोरड्या इन्सुलेटेड काठीनं किंवा हुकानं ओढायचं, छातीवर दाब कसा द्यायचा ते त्याला येत असावं, आणि १०८ लावायचा.

आणखी एक गैरसमज. सर्व्हिस प्लग काढला म्हणजे पॅक मेला, असं नाही. प्लगनं सेलची माळ मधून तोडली जाते. ३८० चे साधारण दोन १९० होतात, तेही प्लग जर बरोबर मध्यावर असेल तर. पॅकच्या बाहेरच्या टर्मिनलवर शून्य येतं कारण कॉन्टॅक्टर, म्हणजे पॅकची लाइन जोडणारे-तोडणारे स्विच, उघडे आहेत. झाकणाच्या आत सेल जसेच्या तसे जिवंत आहेत आणि त्यांना बंद करायचं बटण कुणी बनवलेलं नाही. बाहेरचं शून्य आतल्या कामाला लागू पडत नाही. आणि बाहेरच्या टर्मिनलवर प्लग काढण्याआधी, गाडी बंद असतानाही पूर्ण व्होल्टेज दिसलं, तर कॉन्टॅक्टर चिकटलेले आहेत असं समजा.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, इन्सुलेशन फॉल्ट. पॅक चेसिसपासून वेगळा ठेवलेला असल्यामुळे एकाच टोकाला हात लागला तर सहसा काही होत नाही. त्यातून ‘अरे, इतकं काही नसतं’ अशी खोटी हिंमत येते. पण आतल्या आत पॉझिटिव्ह कुठंतरी चेसिसला लागलेली असेल, तर चेसिसला टेकून निगेटिव्हला हात लावणाऱ्याला पूर्ण ३८० व्होल्ट मिळतात. पहिला फॉल्ट आवाज करत नाही, म्हणून गाडी सतत इन्सुलेशन मोजत असते. नियमात डीसी भागाला किमान १०० ओम प्रति व्होल्ट आणि एसी-डीसी जोडलेल्या पूर्ण सर्किटला ५०० ओम प्रति व्होल्ट अशी मर्यादा आहे. ४०० व्होल्टच्या गाडीला ५०० च्या हिशोबानं २०० किलोओम.

हे मीटरच्या ओम रेंजवर मोजता येत नाही. ओम रेंजला मीटर स्वतःचे दोन-तीन व्होल्ट लावतं, आणि ओल किंवा घाणीतून होणारी गळती एवढ्याशा व्होल्टेजला दिसत नाही. शिवाय चालू लाइनवर ओम रेंज लावणं म्हणजे मीटर घालवणं.

पॅक चालू असताना व्होल्टमीटरनं मोजायची एक पद्धत आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. समजा पॅक ३८० व्होल्टचा. निगेटिव्ह ते चेसिस २१० आले, पॉझिटिव्ह ते चेसिस १७०. चेसिस पॉझिटिव्हच्या जास्त जवळ आहे, म्हणजे कमजोरी पॉझिटिव्ह बाजूला. आता जिथं आकडा मोठा आला, तिथं, म्हणजे निगेटिव्ह आणि चेसिसमध्ये, २०० किलोओमचा रेझिस्टर जोडला आणि तिथलं व्होल्टेज १५० वर आलं. मग हिशोब असा: रेझिस्टर गुणिले पॅकचं व्होल्टेज, गुणिले (१ भागिले १५० वजा १ भागिले २१०). उत्तर साधारण १४५ किलोओम, म्हणजे ३८१ ओम प्रति व्होल्ट. १०० च्या वर आहे, ५०० च्या खाली. गाडीनं दिवा लावला तर नवल नाही. रेझिस्टर एकच पाव वॉटचा लावू नका, त्याचं व्होल्टेज रेटिंग पुरत नाही. ४७ किलोओमचे एक-एक वॉटचे चार एकापुढं एक जोडा, १८८ किलोओम होतात, चालतात. फक्त हिशोबात २०० ऐवजी १८८ धरा.

या मोजणीत एक चकवा आहे. इन्सुलेशन चांगलं असेल तर दोन आकड्यांची बेरीज पॅकच्या व्होल्टेजइतकी येत नाही. दोन्ही बाजूंना ५-५ मेगाओम असेल आणि मीटर १० मेगाओमचं असेल, तर ३६० व्होल्टच्या पॅकवर दोन्हीकडं १४४ च दिसतात. बेरीज २८८. व्होल्ट कुठं गेले म्हणून घाबरू नका, मीटरनं स्वतः ओढ लावली आहे. आणि गाडीचा स्वतःचा इन्सुलेशन मॉनिटर चालू असेल तर आकडा वर-खाली डुलत राहतो, तो मीटरचा दोष नाही.

पण ही मोजणी चालू लाइनवरची आहे. ती कंपनीच्या मेजरिंग अ‍ॅडॅप्टरशिवाय करू नका. क्लिपा गाडी बंद असताना लावायच्या, मग लांब होऊन गाडी चालू करायची, हात न लावता आकडा वाचायचा, बंद करायची, शून्य सिद्ध करायचं, मग क्लिपा काढायच्या. अ‍ॅडॅप्टर नाही म्हणून इंटरलॉकला (कनेक्टर उघडा असेल तर हाय व्होल्टेज चालू न होऊ देणाऱ्या सर्किटला) तार टाकून कनेक्टर उघडा ठेवून गाडी चालू करणं, हा जुगाड कुणी शिकवला तरी शिकू नका.

तुमच्या गॅरेजसाठी मेगरची (मोठं व्होल्टेज लावून इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राची) रीत बरी. गाडी बंद करून, शून्य सिद्ध करून, एकेक भाग पॅकपासून सोडवायचा: एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर, हीटर, ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी (पॅकवरून १२ व्होल्ट करणारा भाग), इन्व्हर्टर आणि मोटर. त्या भागाच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह पिन एकत्र जोडायच्या आणि तिथून चेसिसपर्यंत मॅन्युअल सांगेल त्या व्होल्टेजला, ४०० च्या गाडीत बहुधा ५००, मिनिटभर मेगर लावायचा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मध्ये मेगर लावला तर आतली इलेक्ट्रॉनिक्स जाते. पॅकवर मेगर लावायचा नाही. आकडा वाचताना एक लक्षात ठेवा: गाडीत हे सगळे भाग पॅरलल आहेत. पाच भाग प्रत्येकी १ मेगाओम दाखवत असतील तर एकेकटा ठीक वाटतो, पण मिळून २०० किलोओमच होतात. चांगला कोरडा भाग कितीतरी मेगाओम दाखवतो, म्हणून १ मेगाओमवर समाधान मानू नका.

सगळ्यात आधी कॉम्प्रेसर बघा, विशेषतः एप्रिल-मेमध्ये. उन्हाळा लागला की लोक एसीत गॅस भरून घेतात, आणि गॅसवाला नेहमीच्या गाडीसारखं पॅग ऑइल टाकतो. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरमध्ये मोटरची वाइंडिंग त्या ऑइलमध्येच भिजलेली असते, म्हणून बहुतेकांना इन्सुलेट करणारं पीओई ऑइल लागतं. थोडं पॅग मिसळलं तरी इन्सुलेशन ढासळतं. ‘एसी लावला की फॉल्ट येतो, बंद केला की जातो’ असं गिऱ्हाईक सांगत असेल, तर गॅस कधी आणि कुठं भरला हे विचारा. पावसाळ्यात ‘सकाळी येतो, दुपारी जातो’ असं असेल तर कनेक्टरमध्ये ओल शोधा, आणि मोजणी सकाळीच करा. उन्हात वाळल्यावर मेगर सगळं छान दाखवेल.

सगळे भाग सुटे करून चांगले निघाले आणि फॉल्ट तरीही राहिला, तर तो पॅकच्या आत आहे: कूलंटची गळती, आत शिरलेलं पाणी, दबलेली वायर किंवा सेलचं फुटलेलं कवच. तिथं थांबा. गाडी शेडमधून काढून मोकळ्या जागेत, दुसऱ्या गाड्यांपासून लांब उभी करा, चार्जिंगला लावू नका, काचेवर मोठ्या अक्षरांत सूचना लावा, आणि मोजलेले आकडे तारीख-वेळेसह लिहून कंपनीच्या सर्व्हिसला कळवा. गिऱ्हाईक घाई करेल, ‘झाकण उघडून बघा ना’ म्हणेल. त्याला तुमच्या मेगरचे आकडे दाखवा आणि किल्ली परत देऊ नका.